सोळा जणांचा नवसागर

विजयमालाबाई खळदकर यंदा बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षक म्हणून येणार, असं पत्र आलं आणि कर्वेनगरातल्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र विभागाच्या तोंडचं पाणी पळालं. विभागप्रमुख शिरोळे सरांना त्याच संध्याकाळी ॲसिडिटी झाली. सरांनी ती रजेच्या अर्जात लिहिली. प्राचार्यांनी अर्जावर ‘सोडा घ्या’ असं लिहून तो परत पाठवला.

आनंद झाला तो एकट्या रज्जाकभाईंना.

रज्जाकभाई प्रयोगशाळेचे परिचर. शिक्षण सातवी. वडिलांचा रविवार पेठेत कल्हईचा धंदा होता आणि रज्जाकभाईंचं तरुणपण त्या भात्यापुढे गेलं. पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली, पितळ माळ्यावर गेलं, कल्हई बसली. तेव्हा, म्हणजे पंचाहत्तर साली, हे कॉलेज नुकतंच निघालं होतं, तिथे ते चिकटले. आता चौऱ्याण्णव साल चाललं होतं आणि येत्या मेमध्ये ते निवृत्त होणार होते. जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती: परीक्षकांच्या शेरेबुकात विजयमालाबाईंच्या हातचा एक शब्द, ‘समाधानकारक’.

हा हट्ट साधा नव्हता. बाई याआधी तीनदा येऊन गेल्या होत्या. पहिल्या खेपेला त्यांनी लिहिलं, ‘बेसिनचा नळ गळतो.’ दुसऱ्या खेपेला, ‘आता दुसराही गळतो.’ आणि दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या खेपेला, ‘क्षार कागदाच्या पुड्यांतून दिले. ही प्रयोगशाळा आहे की वाण्याचं दुकान?’ नळांचं रज्जाकभाईंना काही वाटलं नव्हतं, नळ प्राचार्यांचे. पण पुड्या त्यांच्या होत्या. प्रत्येक पुडी चौकोनी, घट्ट, चारी कोपरे आत. वाण्याचं दुकान हा शब्द दोन वर्षं त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता.

‘‘एक लफ्ज के वास्ते इतना?’’ त्यांची बायको हुस्नबानू म्हणाली. ‘‘मेरे को तो पैंतीस साल में किसीने नहीं लिख के दिया.’’

रज्जाकभाईंनी कोट काढून धुवायला टाकला.

ज्यांनी विज्ञानाला लांबूनच रामराम केला त्यांच्यासाठी सांगायला हवं. प्रॅक्टिकलला प्रत्येक मुलाला चिमूटभर क्षार देतात. मुलं त्याला सॉल्ट म्हणतात. आम्ल आणि अल्कली एकमेकांना भेटले की दोघांचाही तिखटपणा जातो आणि मागे क्षार उरतो. लग्न झाल्यावर होतं तसंच. तो पांढरा भुगा बघून त्याचे आईबाप कोण हे मुलाने तीन तासांत ओळखायचं. बहुतेक क्षार दिसायला सारखेच पांढरे, गरीब चेहऱ्याचे. कुठल्या मुलाला कुठला दिला हे दोघांनाच ठाऊक असतं, परीक्षकाला आणि क्षार काढून ठेवणाऱ्या परिचराला. आता काही ठिकाणचे परिचर एका चहावर जस्त सांगतात आणि चहाबरोबर भजी असतील तर सल्फेटही सांगतात, असं म्हणतात. रज्जाकभाईंनी एकोणीस वर्षांत कुणाला मिठाचंसुद्धा नाव सांगितलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी ते दगडी चेहरा करून दारापाशी उभे राहत आणि सगळी मुलं राहून राहून त्यांच्याकडे बघत. ‘‘माझ्यावरची नजर हटवत नाहीत,’’ असं ते घरी सांगायचे. ‘‘आदर आहे, दुसरं काय.’’ हे सांगताना त्यांचा आवाज मऊ होई. पोटी मूलबाळ नव्हतं. दरवर्षीची बारावी हीच त्यांची मुलं.

तर यंदा पुड्या बंद. परीक्षेच्या आदल्या दिवशी रज्जाकभाईंनी सोळा वॉच ग्लास, म्हणजे घड्याळाच्या काचेसारख्या त्या बशा, आरसा लाजेल इतक्या घासल्या. प्रत्येकीत चमचाभर क्षार ठेवला, खाली नंबराची चिठ्ठी लावली आणि सगळ्या बशा काचेच्या दाराच्या कपाटात ओळीने मांडल्या. बाईंनी दारातून आत पाऊल टाकलं की थेट नजरेत भरल्या पाहिजेत. मग त्यांना वाटलं, त्याच कपाटातल्या खालच्या फळीवरच्या बाटल्या वेड्यावाकड्या दिसतायत. त्या त्यांनी उंचीप्रमाणे लावल्या. बुटक्या पुढे, उंच मागे, शाळेच्या फोटोतल्या मुलांसारख्या. मागे सरकून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. कपाट लावून, किल्ली खिशात टाकून घरी गेले. अति तिथे माती म्हणतात, पण ती माती होत असताना माणसाला दिसत नाही.

सकाळी हुस्नबानूने कोट दिला. नवऱ्याच्या त्या एका शब्दासाठी आपलाही हातभार म्हणून तिने भाताच्या पेजेची इतकी खळ घातली होती की कोट खुंटीशिवाय उभा राहत होता. कॉलर पत्र्यासारखी. उजव्या कानाच्या पाळीला ती सारखी घासू लागली.

विजयमालाबाई ठीक आठला आल्या. बुटक्या, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. त्यांनी कपाट उघडायला लावलं. लखलखणाऱ्या बशा पाहिल्या.

‘‘पुड्या गेल्या वाटतं.’’

‘‘गेल्या, बाई.’’

‘‘हं,’’ बाई म्हणाल्या. खळदकरबाईंचं ‘हं’ म्हणजे इतरांचा हारतुरा, हे रज्जाकभाईंना पक्कं ठाऊक होतं. ते तरंगतच दारापाशी जाऊन उभे राहिले.

परीक्षा सुरू झाली. पहिला अर्धा तास बरा गेला. मग कॉलर चावू लागली. रज्जाकभाईंनी हळूच कान खाजवला. थोड्या वेळाने पुन्हा. बाई बशांकडे बघून खूश होत्या की नव्हत्या या काळजीने हात खिशात जाई आणि किल्ल्यांचा जुडगा वाजे. कान, किल्ल्या, कान, किल्ल्या. आणि नवल म्हणजे मुलं यंदा त्यांच्याकडे नेहमीपेक्षा जास्त आदराने बघत होती. काहींनी तर मान डोलावून आभारही मानले. रज्जाकभाईंना भरून आलं. निरोपाचं वर्ष आहे, पोरांना कळलं असणार, असं त्यांनी मनाशी धरलं.

अकराला पेपर गोळा झाले. बाईंनी पहिला उचलला. क्रमांक एक: अमोनियम क्लोराइड. बाईंनी आपल्या यादीत पाहिलं. तिथे बेरियम नायट्रेट होतं. चुकतात मुलं. दुसरा पेपर: अमोनियम क्लोराइड. तिसरा, चौथा, पाचवा, तेच. सातव्याला मोरचूद दिलं होतं. डोळ्यांसमोर निळंभोर मोरचूद, आणि खाली शांतपणे ‘अमोनियम क्लोराइड, रंग पांढरा’.

‘‘शिरोळे,’’ बाई म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडे एकच क्षार शिकवतात का?’’

शिरोळे सरांची ॲसिडिटी परत आली.

बाईंनी पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलाला बोलावलं. निळ्याला पांढरं म्हणणारा तोच. ‘‘हे कसं काढलंस?’’ एवढंच विचारलं. मुलाने बाईंकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि दोन वाक्यांत पार ढासळला.

‘‘चाचांनी सांगितलं.’’

‘‘मी?’’ रज्जाकभाईंच्या तोंडून एवढंच निघालं.

मग सगळं बाहेर आलं. कॉलेजात म्हणे एक जुनी कोष्टकवही होती, दरवर्षी सिनियर ज्युनियरला देत. चाचांनी कान खाजवला की अमोनियम. किल्ल्या वाजवल्या की क्लोराइड. चष्मा पुसला तर शिसं. टोपी सारखी केली तर जस्त. खोकले तर सल्फेट, दोनदा खोकले तर नायट्रेट. ‘‘आणि जांभई दिली तर?’’ बाईंनी विचारलं. ‘‘ते अजून कुणाला उलगडलेलं नाही,’’ मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला.

‘‘आणि आजवर बरोबर यायचं?’’

‘‘नाही. पण आम्हाला वाटायचं, आपलाच बघण्यात काहीतरी घोटाळा होतोय.’’

रज्जाकभाई भिंतीला टेकले. चोरीचा आळ आला याचं त्यांना तितकं काही वाटलं नाही. एकोणीस वर्षं पोरं त्यांच्याकडे बघत होती ती त्यांच्या खोकल्यासाठी. ऐन थंडीत सर्दी झाली तर वर्गात केवढा आनंद होई, तो आता त्यांना आठवला. त्यांना फार वाईट वाटलं. इतकं, की पुढचं बोलणं त्यांना क्षणभर ऐकूच आलं नाही.

पुढचं बोलणं शिरोळे सरांचं होतं आणि ते एकदम हुशारीचं निघालं. ‘‘बाई, यादी बघा. यादीत अमोनियम क्लोराइड कुठेच नाही. रज्जाकभाईंना फोडायचंच असतं तर खरं उत्तर नसतं का फोडलं? ही शुद्ध अफवा आहे. आमचा माणूस धुतल्या तांदळासारखा स्वच्छ.’’

‘‘हे मात्र खरं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘रज्जाकभाई, तुमच्यावर माझा काही आक्षेप नाही. उलट शेऱ्यात तसं लिहीन. कपाट छान लावलंत.’’ आणि त्यांनी लाल पेन उघडलं. ‘‘या सोळा विद्वानांना मात्र शून्य.’’

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. संपत दांगट. वडगावचा, बाप शेतकरी, सकाळी धारा काढून सायकलने येणारा. तास संपला की तसाच गावी परतत असल्याने ती कोष्टकवही त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

‘‘बाई, म्या चाचांकडं बघितलंच न्हाई. म्या वास घेतला. कॉस्टिक सोडा टाकून गरम केलं, अमोनियाचा वास नाकात बसला. लिटमस निळा झाला. वहीत लिवलंय, बघा. आन् माझ्यात जस्त बी हाय. दोन्ही हाय.’’

‘‘मी तुला एकच क्षार दिलाय.’’

‘‘तुमी एकच दिला आसंल,’’ संपत म्हणाला, ‘‘पर बशीत दोन हायती.’’

वर्गात कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. ‘‘नाकाला मार्क नसतात. बस.’’

रज्जाकभाई मात्र ‘बशीत दोन’ ऐकून जागे झाले. संपत खोटं बोलणारा पोरगा नव्हता. ते कपाटाकडे गेले, दार उघडलं. सकाळी चकाकीच्या नादात नीट पाहिलं नव्हतं ते आता पाहिलं. खालच्या फळीवर पाठीमागे, उंचीला अगदी सारख्या म्हणून शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन बाटल्या. एक लायकर अमोनियाची, म्हणजे पाण्यात मुरवलेल्या अमोनियाची, दुसरी हायड्रोक्लोरिक आम्लाची. दोघींच्या मानेभोवती पांढरी भुकटी. काचेच्या दाराच्या आतल्या बाजूला पुसट पांढरा थर. बशांच्या कडेलाही.

त्यांनी बोट फिरवून अंगठ्याशी चोळलं. हे ओळखायला त्यांना पुस्तक नको होतं. नवसागर. कल्हई लावताना तापल्या भांड्यात बाप याचीच चिमूट टाकायचा आणि पांढरा धूर डोळ्यांत जायचा. आम्लाची वाफ आणि अमोनियाची वाफ रात्रभर बंद कपाटात एकमेकींना भेटत राहिल्या होत्या, आणि त्यांचा नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड, हळूहळू सोळाच्या सोळा उघड्या बशांवर बसला होता. ‘या दोन बाटल्या जवळ ठेवाल तर खबरदार,’ असं दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना दरडावणारा माणूस कोण? तर रज्जाकभाई. पुड्यांत एक कण शिरला नसता.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते हे. पण मारुती अजून कुणाला दिसला नव्हता. दार लावून घेतलं, फडक्याने एक हात मारला की झालं. बाईंनी शेऱ्यात नाव घ्यायचं कबूल केलं होतं. नुसतं ‘समाधानकारक’ नव्हे, ‘कपाट छान लावलंत’. आणि पोरांनी तरी काय दिवे लावले होते? निळ्याला पांढरं लिहिणारी पोरं. त्यांच्या खोकल्याचं कोष्टक करणारी पोरं. मिळू दे शून्य, असं त्यांच्या मनात स्वच्छ आलं. आलं ते आलं, कशाला लपवा.

पण वळून पाहिलं तर संपत आपल्या वहीकडे बघत बसला होता. आपलं नाकच आपल्याला फसवतंय की काय, असा चेहरा. ते रज्जाकभाईंच्याने बघवेना.

‘‘बाई,’’ ते म्हणाले, ‘‘पेन जरा थांबवा. पोरगा बरोबर आहे. चूक माझी.’’

बाई उठून आल्या. रज्जाकभाईंनी त्या दोन बाटल्या टेबलावर आणल्या, दोन्हींची बुचं काढली आणि तोंडं जवळ केली. मधल्या नुसत्या हवेतून दाट पांढरा धूर उठला. मुलांनी ‘आ’ केला. हे पुस्तकात वाचूनही कुणी नीट पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मूळ बरणीतलं जस्ताचं सल्फेट संपतला दिलं. त्याने कॉस्टिक घालून गरम केलं. अमोनियाचा वास नाही, काही नाही.

बाईंनी चष्मा काढला, पुसला. सवयीने दोन मुलांनी ‘शिसं’ असं पुटपुटलं.

‘‘म्हणजे या मुलांनी गटांच्या तपासणीत पहिलाच, शून्य गट, बघितला, अमोनियम सापडलं आणि पुढे बघायचं कारणच उरलं नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘त्यात तुमचा कान.’’

‘‘कान खळीमुळे, बाई.’’

‘‘नवा क्षार देऊन पुन्हा परीक्षा घेता येईल. पण का घेतली, ते मंडळाला लेखी कळवावं लागतं. शेरेबुकात कारण लिहावं लागेल. नावानिशी.’’ त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा अडखळला. ‘‘तुमचं हे शेवटचं वर्ष ना?’’

‘‘हो. लिहा,’’ रज्जाकभाई म्हणाले. ‘‘मी सांगतो तसं लिहा: परिचर रज्जाक कलईगर यांनी अमोनिया आणि आम्ल एका फळीवर ठेवल्याने सर्व क्षार खराब झाले. निष्काळजीपणा.’’

बाईंनी लिहिलं. ‘निष्काळजीपणा’ लिहिताना थांबल्या, वर पाहिलं. रज्जाकभाईंनी मान हलवली. एकोणीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बाटल्यांवर खऱ्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. आपल्यावर खोटी कशी डकवणार?

‘‘आता एक मागणं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘नवे क्षार तुम्ही काढा. मला कळता कामा नये कुठे काय आहे. म्हणजे मी मेलो-खोकलो तरी पोरांना फायदा नाही.’’

मग कर्वेनगरात कुणी पाहिलं नसेल असं दृश्य दिसलं. रज्जाकभाई जिन्यात उभे, आणि आत डॉक्टर विजयमालाबाई खळदकर जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे फाडून स्वतःच्या हाताने सोळा पुड्या बांधतायत. बांधल्याही कशा, तर एकही चौकोनी नाही आणि निम्म्या सुटलेल्या. रज्जाकभाईंनी आत येऊन त्या पाहिल्या. तोंडात आलेलं वाक्य मोठ्या कष्टाने गिळलं.

‘‘बोलू नका,’’ बाई म्हणाल्या.

‘‘मी कुठे बोललो?’’

दुपारची परीक्षा दीड तासाची ठरली. रज्जाकभाई दाराशी उभे राहिले. कान खाजवला, खोकले, टोपी काढून परत घातली. कुणीही मान वर केली नाही. सोळा डोकी टेस्ट ट्यूबवर वाकलेली. त्यांना बरं वाटलं आणि एकटंही वाटलं, दोन्ही एकदम. बशीत दोन होते तसं.

पेपर घेतले, मुलं गेली. संपत तेवढा रेंगाळला. ‘‘चाचा, पेपर दिला म्या. आता तरी सांगा, अकरा नंबरात काय व्हतं?’’

‘‘मला ठाऊक नाही, बेटा,’’ रज्जाकभाई म्हणाले, आणि आपण खरंच काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या खोलीत एक क्षार होता आणि त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. अकरा नंबरच्या सुटलेल्या पुडीत चिमूटभर भुगा उरला होता. त्यांनी तो पाहिला. मग खालच्या मानेने बाईंना विचारलं, ‘‘मी करून बघू?’’

शिरोळे सर म्हणाले, ‘‘अहो, साडेतीन झाले.’’

बाईंनी पिशवी परत खाली ठेवली आणि खुर्चीत बसल्या. ‘‘करा. मी थांबते. शिरोळे, तुम्ही सोडा घ्यायला जा.’’

रज्जाकभाईंनी बाही वर केली. आजवर त्यांनी हजारो टेस्ट ट्यूब धुतल्या होत्या, पण कशात काय आहे हे शोधायला एकही हातात धरली नव्हती. कॉस्टिक घातलं, गरम केलं, वास घेतला. नाही. सिल्व्हर नायट्रेट घातलं. साका नाही. बेरियम क्लोराइड घातलं. पांढरा साका तळाशी बसला आणि आम्लातही विरघळेना. कोळशात खड्डा करून भुगा भाजला. गरम असताना पिवळा, निवल्यावर पांढरा. कोबाल्टच्या पाण्याचा थेंब टाकून पुन्हा भाजला, आणि काळ्या कोळशावर पोपटासारखा हिरवा ठिपका उमटला. संपत त्यांच्या खांद्यावरून बघत होता आणि एक अक्षर बोलत नव्हता.

‘‘झिंक सल्फेट,’’ रज्जाकभाई म्हणाले. मग बाईंकडे वळून त्यांनी पुन्हा सांगितलं. ‘‘बाई, झिंक सल्फेट.’’

बाईंनी यादी पाहिली. यादी मिटली. पिशवी उचलली आणि दारापर्यंत जाऊन वळल्या.

‘‘दहापैकी नऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बर्नर कोण बंद करणार?’’